स्किमरची निवड आणि शौकिनाची जबाबदारी

समुद्राच्या पाण्यातले मासे घरी पाळण्याचा शौक, जो एके काळी धनिकांच्या दिवाणखान्यांपलीकडे फारसा आढळत नसे, तो आता मुंबई, ठाणे, पुणे यांसारख्या शहरांतील मध्यमवर्गीय घरांतही येऊन पोहोचला आहे, आणि सृष्टीविषयी ज्याला म्हणून कुतूहल आहे त्याने या गोष्टीचे स्वागतच करावयास हवे. १९५१ साली मरीन ड्राइव्हवर उभ्या राहिलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाने मुंबईकरांच्या काही पिढ्यांना समुद्रजीवांची गोडी लावली. परंतु सार्वजनिक मत्स्यालयापाशी मोठा जलसाठा असतो, तो शुद्ध राखण्याची यंत्रसामग्री असते, तिच्यावर देखरेख करणारा नोकरवर्ग असतो. आणि घरातील २०० लिटरच्या टाकीपाशी, तिच्या मालकाची सद्बुद्धी व त्याच्या खिशातील मर्यादित रक्कम याखेरीज काहीही नसते. या मर्यादित रकमेतून पाणी शुद्ध राखण्याची तरतूद कशी करावी हा प्रश्न वरकरणी क्षुल्लक दिसला, तरी त्यावर मुक्या जीवांचे प्राण अवलंबून असल्यामुळे तो जाहीरपणे चर्चिला जावा, असे मला वाटते. माझे म्हणणे थोडक्यात असे की, प्रोटीन स्किमर हे यंत्र घेताना किंमत कमी असण्याची लाज बाळगण्याचे मुळीच कारण नाही. मात्र ते डोळसपणे निवडले पाहिजे, नियमाने धुतले पाहिजे, आणि खर्चाच्या यादीत त्याची बाब माशांच्या आधी आली पाहिजे.

या यंत्राचे कार्य ज्या तत्त्वावर चालते ते निसर्गात रोज पाहावयास मिळते. पावसाळ्यात समुद्र खवळला म्हणजे गिरगावच्या किंवा जुहूच्या किनाऱ्यावर जो पिवळसर, लवकर न विरणारा फेस साचतो, तो पाण्यात विरघळलेल्या सेंद्रिय द्रव्यांमुळे टिकून राहतो. कारण प्रथिनांसारख्या कित्येक रेणूंचे एक अंग पाण्याकडे ओढ घेणारे आणि दुसरे पाण्यापासून दूर पळणारे असल्यामुळे, जेथे हवा आणि पाणी यांची सीमा असेल तेथे ते जाऊन चिकटतात. स्किमरच्या उभ्या नळकांड्यात हवेचे असंख्य सूक्ष्म बुडबुडे सोडून ही सीमा शेकडो पटींनी वाढविली जाते. बुडबुडे वर चढताना ही द्रव्ये आपल्या अंगावर घेऊन येतात, अरुंद गळ्यातून फेसाच्या रूपाने वर सरकतात, आणि माथ्यावरील कपात गडद काढ्याच्या रंगाचा, उग्र वासाचा द्रव साठत जातो. हा द्रव ज्याने एकदा जवळून पाहिला व हुंगला, त्याला आपले मासे कशात श्वास घेत होते हे समजावून सांगण्यासाठी व्याख्यानाची गरज राहत नाही. हे यंत्र गोड्या पाण्याच्या घरगुती टाकीत निरुपयोगी ठरते, कारण गोड्या पाण्यात लहान बुडबुडे एकमेकांत मिसळून चटकन मोठे होतात, तर समुद्राच्या पाण्यातील क्षार त्यांना तसे मिसळू देत नाहीत.

पाणी गाळणारी इतर साधने घाण अडवून ठेवतात, परंतु ती पाण्याच्या प्रवाहातच राहत असल्यामुळे तेथेच कुजते आणि तिच्यातून अमोनिया, त्यापासून नायट्राइट आणि अखेरीस नायट्रेट अशी साखळी चालू राहते. स्किमर मात्र ही द्रव्ये कुजण्यापूर्वीच पाण्याबाहेर काढतो, आणि हेच त्याचे खरे वैशिष्ट्य होय. आपल्याकडे त्याची निकड अधिक असण्याची दोन कारणे आहेत. पहिले कारण हवामानाचे: २५ अंश सेल्सियसच्या गोड्या पाण्यात दर लिटरमागे सुमारे ८ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, त्याच तापमानाच्या समुद्रजलात पावणेसातच्या आसपास, आणि पाणी ३० अंशांवर गेले की ते प्रमाण सव्वासहापर्यंत उतरते, एप्रिल-मे महिन्यांत कोकणपट्टीतील घरांत ही अवस्था नित्याची असल्यामुळे, अहोरात्र हवा घुसळणारा स्किमर माशांना प्राणवायूही पुरवीत असतो, ही गोष्ट अत्यंत मोलाची आहे. दुसरे कारण कायद्याचे: वन्यजीव संरक्षण अधिनियमाच्या अनुसूचीत २००१ साली प्रवाळांचा समावेश झाल्यापासून आपल्या समुद्रातील जिवंत प्रवाळखडक उचलून टाकीत ठेवणे हा गुन्हा आहे, आणि तो तसा असणे सर्वथा उचितच आहे; परंतु त्यामुळे आपल्या टाक्यांत बहुधा कोरडे किंवा कृत्रिम दगड येतात, ज्यांच्यावर उपकारक जिवाणूंची वसाहत पूर्ण वाढण्यास महिने लागतात, आणि तोवर पाण्यावरील भार हलका करण्याचे काम दुसऱ्या कोणी तरी करणे भाग असते.

येथे दोन प्रकारचे आक्षेपक उभे राहतात. एक म्हणतात की, घ्यायचाच तर महागडा, परदेशी बनावटीचा स्किमर घ्यावा, अन्यथा घेऊच नये. त्यांनी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठातील रसायनशास्त्राचे प्राध्यापक केन फेल्डमन यांनी २००९ पासून प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांकडे अवश्य लक्ष द्यावे. निरनिराळ्या रचनांच्या स्किमरांची मोजदाद करून त्यांनी दाखविले की, पाण्यातील एकूण सेंद्रिय कार्बनापैकी यंत्राच्या हाती लागतो तो साधारण २० ते ३५ टक्के भागच, उरलेल्याला कोणताही स्किमर हात लावू शकत नाही, आणि रचना बदलल्याने या मर्यादेत म्हणण्यासारखा फरक पडत नाही. महाग यंत्राचा पंप अधिक टिकाऊ असेल, त्याचा आवाज कमी असेल, त्याची घडण सुबक असेल, हे सर्व मान्य. परंतु पाण्याच्या शुद्धीच्या बाबतीत जास्तीची रक्कम त्याच प्रमाणात फळ देते असे समजण्यास आधार नाही.

दुसरे आक्षेपक म्हणतात की स्किमर मुळात अनावश्यकच आहे, आणि दाखला देतात तो इंडोनेशियातील ली चिन एंग यांचा, ज्यांनी १९६० च्या दशकाच्या आरंभी जिवंत खडक, साधी हवा आणि सूर्यप्रकाश एवढ्यावर समुद्री टाक्या राखून दाखविल्या. हा दाखला खरा आहे. परंतु ली चिन एंग यांच्यापाशी उष्ण कटिबंधातील प्रवाळसमुद्र हाकेच्या अंतरावर होता, ताजे पाणी आणि ताजे खडक मुबलक होते, आणि इमारतीच्या आठव्या मजल्यावर बादलीत कृत्रिम मीठ कालवणाऱ्या शौकिनाला यांतले काहीच उपलब्ध नसते. मात्र या आक्षेपकांचे एक म्हणणे मी पूर्णपणे मान्य करतो, ते असे की टाकी १०० लिटरांहून लहान असेल आणि मासे एक-दोनच असतील, तर दर आठवड्याला १० ते १५ टक्के पाणी बदलणे हा स्किमरहून अधिक किफायतशीर आणि खात्रीचा उपाय आहे. अशा शौकिनाने यंत्राचे पैसे वाचवून चांगल्या प्रतीचे मीठ घ्यावे.

ज्यांची टाकी याहून मोठी आहे त्यांनी खरेदीच्या वेळी सर्वांत आधी खोक्यावरील आकड्याविषयी सावध राहावे. ‘४०० लिटरपर्यंत’ असे जे छापलेले असते त्याला कोणत्याही सर्वमान्य प्रमाणाचा आधार नसतो, आणि कारखानदाराने ते मोजमाप बहुधा विरळ वस्तीच्या टाकीला धरून केलेले असते. चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत हिशेबाने सुमारे २५० लिटर पाणी मावते. वाळू, दगड आणि वरची मोकळी जागा वजा जाता ते २०० लिटरच्या जवळपास उरते. आणि तीत रोज दोन वेळा खाणारे पाच-सहा मासे असतील, तर छापील आकडा निम्मा धरून ४०० लिटरचा स्किमर घेणे शहाणपणाचे. याच्याही पुढे जाऊन हजार लिटरचे यंत्र स्वस्तात मिळते म्हणून उचलणे मात्र गफलतीचे ठरते, कारण रुंद गळ्याच्या यंत्राला फेस टिकवून धरण्याइतकी द्रव्येच लहान टाकीत मिळत नाहीत आणि कप दिवसेंदिवस कोरडा राहतो.

आकारानंतर पाहावा तो पंप, कारण स्वस्त स्किमरचे आयुष्य आणि गुण हे दोन्ही पंपावरच ठरतात. ज्याच्या इम्पेलरला, म्हणजे आतील फिरत्या चाकाला, सपाट पात्यांऐवजी सुयांसारख्या बारीक काड्या असतात, असा नीडल व्हील पंप हवेला कातरून तिचे अत्यंत सूक्ष्म बुडबुडे करतो. दुकानात तो खाऱ्या पाण्यात चालवून दाखविण्याचा आग्रह धरावा, आणि नळकांड्यातील पाणी एकसारखे पांढरे दिसते की मोठे बुडबुडे सुटे सुटे वर धावतात, हे स्वतःच्या डोळ्यांनी तपासावे. इम्पेलर आणि त्याची दांडी सुटी विकत मिळते काय, हा प्रश्न किमतीच्या आधी विचारावा. ज्या यंत्राचा एवढासा सुटा भाग मिळत नाही ते कितीही स्वस्त असले तरी पहिल्या बिघाडापुरतेच असते. विजेचा खर्च फारसा भिववणारा नाही: १० वॉटचा पंप चोवीस तास चालला तरी महिन्याला सव्वासात युनिटेच खातो.

टाकीखाली सम्प, म्हणजे पाणी गाळण्यासाठी ठेवलेली दुसरी छोटी टाकी, असेल तर सम्पमध्ये बसणारा स्किमर घ्यावा, आणि सम्पच्या ज्या कप्प्यात पाण्याची पातळी स्थिर राहते त्याच कप्प्यात, कारखानदाराने सांगितलेल्या खोलीवर, तो ठेवावा. बाष्पीभवनाने पातळी दोन-तीन बोटे उतरली तरी फेसाचे सारे गणित बिघडते, आणि मग लोक यंत्राला दोष देतात. सम्प नसेल तर टाकीच्या कडेला अडकवावयाचा प्रकार घ्यावा; त्याबाबत ताकीद एवढीच की वीज जाऊन परत आली म्हणजे पंपाने पाणी पुन्हा ओढावयास सुरुवात केली की नाही आणि कप भरून वाहत तर नाही ना, हे पाहिल्यावाचून घराबाहेर पडू नये. ज्यांना एवढाही खर्च झेपत नाही त्यांना पीव्हीसी नळी, एअर पंप आणि लाकडी एअरस्टोन यांच्या साह्याने घरीच स्किमर करण्याची मुभा आहेच. लाकूड काही आठवड्यांत खारावून बंद पडते आणि पुनःपुन्हा बदलावे लागते हे मात्र आधीच ध्यानात घ्यावे.

यंत्र घरी आणल्यावर धीर धरणे अगत्याचे आहे. नव्या अ‍ॅक्रिलिकच्या पृष्ठभागावर सूक्ष्म थर जमेपर्यंत, म्हणजे एक-दोन आठवडे, फेस कधी उसळतो तर कधी अजिबात येत नाही, आणि याच काळात अधीर माणसे यंत्र परत करून मोकळी होतात. पुढे दर आठवड्याला गळा व कप पुसून काढावा, कारण आत बसलेला तेलकट थर फेस वर चढू देत नाही. साबण मात्र लावू नये. हवेच्या नळीच्या तोंडाशी मिठाचे खडे धरतात, ते कोमट पाण्याने विरघळवावेत, आणि दोन-तीन महिन्यांनी पंप व्हिनेगरच्या पाण्यात भिजवून त्यावरील चुनखडीचे किटण काढावे. टाकीत औषध घालावयाचे असेल तर त्यावरील सूचना वाचून जरूर तर तेवढ्या मुदतीपुरता स्किमर बंद ठेवावा आणि त्या काळात एअरस्टोनने हवा पुरवावी. महागडा पण न धुतलेला स्किमर आणि स्वस्त पण नित्य धुतलेला स्किमर यांत मी निःसंशय दुसऱ्याच्या बाजूने कौल देईन.

आता दुकानदारांविषयी. आजची रूढी अशी की रंगीत मासा दाखवून ग्राहकाला भुलवावे, टाकी, दिवे आणि मासे एकाच दिवशी त्याच्या पदरात घालावेत, आणि पंधरवड्याने मासे मेले की मग स्किमरची शिफारस करावी. या रूढीत नुकसान ग्राहकाचे होतेच, परंतु त्याहून मोठी हानी समुद्राची होते. क्लाउनफिशसारख्या काही जातींची पैदास आता बंदिस्त टाक्यांत होते, आणि आपल्या केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेनेही ते तंत्र साध्य केले आहे. तरीही दुकानात दिसणाऱ्या समुद्री माशांच्या बहुसंख्य जाती आजदेखील प्रवाळखडकांवरून पकडून आणलेल्याच असतात. आपल्या टाकीत मेलेल्या प्रत्येक माशाच्या जागी दुसरा मासा त्याच खडकावरून उचलला जातो, हे ज्याला कळले त्याला स्किमर ही चैनीची वस्तू वाटणार नाही. म्हणून प्रत्येक दुकानदाराने पाण्याची तरतूद पाहिल्याखेरीज समुद्री मासा विकू नये, आणि प्रत्येक ग्राहकाने ती केल्याखेरीज तो मागू नये, असा दस्तूर आपल्याकडे पडावा असे मला मनापासून वाटते.

तोवर नव्या शौकिनाला माझी शिफारस अशी आहे: हाती जी रक्कम असेल तिच्यातून प्रथम टाकी, मीठ, पाणी तपासण्याचे संच आणि साधा परंतु नीट पारखलेला स्किमर घ्यावा, दगडांत जिवाणूंची वसाहत रुजू द्यावी, अमोनिया आणि नायट्राइट यांची मोजणी शून्यावर आली आणि तेथे टिकली म्हणजे मग, उरलेल्या पैशांत जेवढे बसतील तेवढेच मासे, शक्य तर बंदिस्त पैदाशीचे, आणावेत. या क्रमाने जाणाऱ्याला दोन-तीन महिने रिकामी टाकी पाहावी लागेल हे खरे, परंतु तेवढा संयम ज्याच्यापाशी नाही त्याला समुद्राचा जीव घरात आणण्याचा अधिकार पोहोचत नाही.