दुर्मीळ दुष्परिणाम मोजणार कोण?

सोरायसिसवरील 'रॅप्टिव्हा' या इंजेक्शनाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २००३ मध्ये मान्यता दिली. आठवड्यातून एकदा त्वचेखाली टोचून घ्यायचे हे औषध. वर्षानुवर्षे खपल्या आणि लोकांच्या नजरा सोसणाऱ्यांना ते वरदान वाटले असल्यास नवल नाही. जून २००९ पर्यंत मात्र ते अमेरिकी बाजारातून पूर्णपणे मागे घेण्यात आले.

कारण होते 'पीएमएल' हा मेंदूचा जीवघेणा विकार. 'जेसी' नावाचा विषाणू बहुसंख्य प्रौढांच्या शरीरात निमूटपणे पडून असतो; संरक्षक पेशींचा पहारा ढिला पडला की तो मेंदूतील मज्जातंतूंच्या आवरणाची नासधूस करतो. रॅप्टिव्हा या पेशींना रक्तातून त्वचेत उतरण्यापासून रोखत असे, म्हणूनच चट्टे विरत. मेंदूकडे जाणारी त्यांची वाटही त्यामुळेच अडली असावी, असे मानले जाते.

जगभरातील सुमारे ४६ हजार रुग्णांनी हे औषध घेतले होते. फेब्रुवारी २००९ पर्यंत पीएमएलचे तीन निश्चित व एक संभाव्य रुग्ण नोंदले गेले. चौघांचेही उपचार सलग तीन वर्षांहून अधिक काळ चालले होते, तिघे दगावले. काही महिन्यांच्या चाचण्यांत हा धोका दिसणार तरी कसा? औषध विक्रीस आल्यानंतरही कोणीतरी नोंदी ठेवत होते, म्हणूनच तो उघडकीस आला.

आपल्याकडची गोम नेमकी इथेच आहे. औषध-दक्षता कार्यक्रम भारतात २०१० पासून आहे. गाझियाबादच्या भारतीय औषधसंहिता आयोगाकडे त्याची धुरा आहे आणि १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर रुग्णालाही तक्रार नोंदवता येते. हे किती रुग्णांच्या कानी गेले आहे? स्टेरॉइड किंवा मेथोट्रेक्सेटसारख्या गोळ्या जुन्या चिठ्ठीवर घेत राहणारे रुग्ण आपल्याला नवे नाहीत. (मेथोट्रेक्सेट सोरायसिससाठी आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, चुकून रोज घेतल्यास ते प्राणावर बेतू शकते.) अशा रुग्णाला पुढे क्षयरोग झाला, तर तो दुसऱ्याच डॉक्टरांकडे जातो. तिथे त्वचेच्या गोळ्यांचा विषय निघतोच असे नाही. क्षयाची नोंद क्षयाच्या खात्यात होते. त्वचारोगतज्ज्ञांना कळते ते इतकेच, की रुग्ण येईनासा झाला.