तुटायचंच असेल, तर काय तुटावं?

"शॉकअप दुकानात तयार मिळतात ना? मग ते गाडीला अडकवायचे माउंट घरी कशाला बनवत बसतोस?" हा प्रश्न आमच्या जवळजवळ सगळ्या नातेवाइकांनी विचारून झालाय. प्रत्येकाला फोनवर वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच इथे लिहून टाकतो. शिवाय ट्रकवाल्या मित्रांशी माझं एक जुनं भांडण आहे, तेही यातच उरकून घेतो.

आमचा ट्रक म्हणजे १९८५ची टोयोटा पिकअप, चारही चाकं ओढणारी. इथे अमेरिकेत या गाडीला पुढे अखंड अ‍ॅक्सल आणि पाटे मिळाले ते ८५पर्यंतच. ८६पासून पुढची दोन्ही चाकं स्वतंत्रपणे हलणारी रचना आली. म्हणून दगडधोंड्यांत गाडी घालणारे लोक ही म्हातारी अजून शोधत असतात. तिला उंच, लवचीक पाटे बसवले की चाक पूर्वीपेक्षा बरंच जास्त वरखाली होतं. शॉकअपची मूळ जागा तेवढ्या हालचालीसाठी केलेलीच नसते. लांब शॉकअप लागतो आणि तो मावायला त्याचं वरचं टोक चासीच्याही वर न्यावं लागतं. त्यासाठी चासीवर टॉवर उभा करायचा. कुणी फोर्डच्या एफ मालिकेतल्या ट्रकचे टॉवर आणून लावतात, कुणी पाइप वाकवून कमान करतात.

आता एक गैरसमज. गाडीचं वजन शॉकअप पेलत नाही, ते काम पाट्यांचं. शॉकअप फक्त पाट्यांच्या उड्या आवरतो. आतलं तेल बारीक भोकांतून ढकललं जातं आणि हालचालीची उष्णता होते, बस्स. मग एवढी काळजी कशाला? कारण शॉकअप पूर्ण मिटला आणि चाक अजून वर येतंच असलं, तर तो सगळा दणका एका बोल्टवर येतो. उलट चाक खाली लोंबलं आणि शॉकअप ताणून संपला, तर अख्खा अ‍ॅक्सल त्याला टांगला जातो.

म्हणून माझं म्हणणं, या कामात वेल्डिंग सगळ्यात शेवटी. खरं काम मोजणीचं. मुख्य पाता ठेवून बाकीचे पाटे काढायचे, जॅकने अ‍ॅक्सल वर न्यायचा तो रबरी ठोकळा पूर्ण दाबला जाईपर्यंत, आणि तिथे मोजायचं. मग पूर्ण खाली सोडून. मग एक चाक वर, एक खाली करून, कारण टायर आणि ब्रेकची नळी माउंटला घासते की नाही ते तेव्हाच कळतं. अगदी वरच्या स्थितीतही शॉकअप मिटायला निदान अर्धा इंच शिल्लक हवा. कलही बघायचा. शॉकअप उभ्यापासून ४५ अंश कलवला तर तो चाकाच्या हालचालीच्या सुमारे ७० टक्केच हलतो, आणि चाकापाशी त्याचा जोर जवळपास निम्मा होतो. तयार किट वाईट नसतात हो, पण माझे पाटे किती वाकतात हे किटवाल्याला कुठून कळणार?

आता भांडण. "असा माउंट केलाय की चासी फाटेल, पण हा हलणार नाही!" हे आमच्यात कौतुकाने सांगितलं जातं. मला ते ऐकून घाम फुटतो. जुन्या धोतराला जाड कापडाचं ठिगळ लावलं की धोतर ठिगळाच्या कडेला फाटतं, हे माझ्या आजीला ठाऊक होतं. चासीचंही तसंच. खाली पट्टी लावावी, पण ती चासीच्या पत्र्याला साजेशा जाडीची, टोकं निमुळती केलेली, आणि चासीला आडवी सरळ वेल्डिंगची रेघ टाळून. बोल्टला दोन्ही बाजूंनी कान द्यावेत. भिंतीत ठोकलेली खुंटी आणि दोन भिंतींमध्ये बसवलेली काठी यांपैकी पावसाळ्यात ओल्या चादरी कशावर वाळत घालाल, तेच उत्तर इथे. :)

आणि मोडण्याचा क्रम आपणच ठरवावा. आधी रबरी ठोकळ्याने मार खावा. तो कमी पडला तर शॉकअप जावा, फार तर बोल्ट. हे दोन्ही पेटीत जादा ठेवता येतात, चासी ठेवता येत नाही! स्टिअरिंगचा डबा त्याच चासीला, थोड्याच अंतरावर बसवलेला असतो. आणि डोंगरातल्या वाटेपर्यंत आपण हायवेनेच जातो. शेजारी बायको बसलेली असते, समोरून कुणाची तरी पोरंबाळं येत असतात. त्यांना आपल्या हौसेशी काय देणंघेणं?

"मग जाणकाराकडूनच करून घे ना," असं काका म्हणतील. शेवटचं वेल्डिंग जरूर घ्यावं. मी टाके मारून, पुन्हा सगळं वरखाली करून बघतो आणि मग बॅटरी सोडवून एका निवृत्त वेल्डरच्या हवाली करतो. पण मोजमाप आणि क्रम ठरवणं दुसऱ्यावर सोपवू नये. गाडी कुठे आणि कशी घालणार, हे मलाच माहीत असतं.

पुण्याच्या भाच्यासाठी खास: भारतात मोटार वाहन कायदा, १९८८चं कलम ५२ आहे. नोंदणीपत्रातला तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी जुळेनासा होईल असा बदल चालत नाही. तेव्हा हे वाचून लगेच जीपला वेल्डिंग लावू नकोस, आधी आरटीओत विचार.

असो. जाड पत्रावाल्यांनी आता खुशाल शिव्या घालाव्यात, फक्त एवढं सांगा: तुमच्या गाडीत सगळ्यात आधी काय तुटणार आहे, हे तुम्ही ठरवलंय का?