जैवविविधतेचे चित्र आणि आपले शिवार

बी. ए. द्वितीय वर्ष

सहावीत असताना मला आयुष्यातले पहिले बक्षीस मिळाले. शाळेने ‘जैवविविधतेचे महत्त्व’ या विषयावर भित्तिचित्रांची स्पर्धा ठेवली होती. मी एस. टी. स्टँडजवळच्या दुकानातून प्राण्यांचा छापील तक्ता आणला, कात्रीने कापला आणि कार्डशीटवर चिकटवला. मधोमध वाघ, डावीकडे जिराफ, उजवीकडे पेंग्विन, खाली सूर्यफूल. वर लाल स्केचपेनने लिहिले, ‘जैवविविधता वाचवा, वसुंधरा वाचवा’. पहिला क्रमांक आला. एक कंपासपेटी मिळाली.

घरी येऊन ते चित्र आजीपुढे धरले. आजी कधी शाळेत गेलेली नाही. तिने ते नीट पाहिले आणि विचारले, “लई झकास हाय बाई. पन ह्यातलं आपल्या रानात काय हाय?”

मी हसले. म्हटले, “आजी, ही जैवविविधता हाय. तुला न्हाई कळायचं.”

मित्रमैत्रिणींनो, त्या हसण्याची आज मला लाज वाटते, म्हणून हा लेख.

ते साल २०१७. त्याच हंगामात मराठवाड्यात आणि विदर्भात कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली. भोकरदन तालुक्यातले आमचे रानही त्यात सापडले. बोंड वरून हिरवेगार, फोडले की आत अळी. आईच्या ओटीत कापसापेक्षा कवडीच जास्त. शेवटी बाबांनी उभ्या पिकात रोटाव्हेटर घातला. माझे बक्षिसाचे चित्र त्या वेळी शाळेच्या भिंतीवर होते.

या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध आहे, हे मला फार उशिरा कळले. त्या काळी बीटी कपाशीच्या ४५० ग्रॅमच्या पिशवीसोबत साध्या, बिगर-बीटी सरकीची १२० ग्रॅमची वेगळी पुडी मिळत असे. ती शेताच्या कडेने लावायची. कारण असे की, बीटीच्या विषाला दाद न देणाऱ्या काही अळ्या जगतात. त्यांचे पतंग आपसांतच जुळले, तर पुढची पिढीही विषाला पुरून उरते. साध्या कपाशीवर वाढलेल्या पतंगांशी ते जुळले, तर ही ताकद पसरायला वेळ लागतो. म्हणजे थोडी कपाशी अळीसाठी सोडायची, तेव्हा बाकीची वाचते. अनेक शेतकऱ्यांप्रमाणे आम्हीही ती पुडी कधी लावली नाही. दोन-तीन वर्षांच्या पुड्या आमच्या कोनाड्यात तशाच पडून होत्या. बोंडअळीचे हे एकच कारण नव्हते. फरदड ठेवणे, गावोगाव एकच पीक लांबवणे हीही कारणे होती. पण सगळ्यांच्या मुळाशी एकच गोष्ट होती : मैलोन्‌मैल एकाच जातीचा पसारा.

त्या पुडीवर छापलेले वाचू शकणारी घरात मी होते. मी वाघाचे चित्र कापत बसले होते.

माझे म्हणणे एवढेच आहे की, आपल्या शाळा-कॉलेजांतून जैवविविधतेची जी चित्रे निघतात, ती आपल्याला जैवविविधतेपासून दूर नेतात. ती पाहून वाटते की हा विषय आफ्रिकेचा, बर्फाचा, अभयारण्याचा आहे. आपण फक्त घोषणा लिहायची. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने पर्यावरणाचे शिक्षण सक्तीचे करण्याचा आदेश दिला. विषय आला, प्रकल्पवह्या आल्या, गुण आले. पण वही बाजारात आणि चित्र मोबाईलवर तयार मिळत असेल, तर शिकले कोण? दोष एकट्या शिक्षकांचा नाही. वर्गभर मुले, हातात मोजके तास आणि सुबक चित्राला गुण देण्याची रीत. वाघ वाचला पाहिजे, यातही दुमत नाही. पण वाघावर प्रेम करायला आपले काही खर्च होत नाही. बांधावरची बोर ठेवायची की काढायची, हा प्रश्न मात्र आपल्याच घरात सुटायचा असतो.

आणि हा प्रश्न जालन्याने विचारायचा नाही तर कोणी? आपला जिल्हा बियाण्यांसाठी देशभर ओळखला जातो. १९६४ साली बद्रीनारायण बारवाले यांनी येथे महिको ही बियाणे कंपनी उभी केली. १९९८ साली त्यांना जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. संकरित बियाण्याने उत्पन्न वाढले, हे नाकारणे कृतघ्नपणाचे ठरेल. माझी कॉलेजची फी कापसाच्याच पैशातून भरली आहे. तेव्हा जुने ते सगळे सोने, असे मी म्हणत नाही. पण आजीच्या काळी कपाशीत तुरीचे तास असत, मधून मूग-उडीद, कडेला अंबाडी. एक गेले तर दुसरे हाती लागे. ते तिचे विम्याचे कागद होते. आम्ही ते फाडले आणि शाळेत जाऊन ‘जैवविविधता वाचवा’ लिहिले.

या दिवाळीच्या सुट्टीत मी वही घेऊन आजीजवळ बसले. एका दुपारात तिने ३७ नावे सांगितली. पाथरी, तांदुळजा, घोळ, कुर्डू. पहिल्या पावसाचा कोवळा तरोटा. हराळी, कुंदा, मारवेल. होला, सातभाई, वेडा राघू. पाथरी भाकरीबरोबर कच्चीच खातात, डाळीचे बी राखेत घोळून मडक्यात ठेवतात, हेही तिने सांगितले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी ती पाहायला बांधावर गेलो. अर्ध्याहून कमी सापडली. तणनाशकाची फवारणी झाली होती. आजी म्हणाली, “नावं राह्यली बघ, झाडं गेली.” मला वाटले, आजीनंतर नावेही जातील.

आपण कला शाखेचे विद्यार्थी आहोत. नावे ही तर आपल्याच खात्यातली गोष्ट आहे. मारुती चितमपल्ली वनखात्यात नोकरीला होते. जंगलातल्या माणसांकडून पशुपक्ष्यांची आणि झाडांची नावे ऐकून त्यांनी ती मराठीत आणली. २००६ साली सोलापूरच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. अकोले तालुक्यातील कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे शाळेत गेल्या नाहीत. त्यांनी गावरान वाणांची बियाणे बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. अशी माणसे आपल्या प्रत्येक गावात आहेत. त्यांच्याकडे वही घेऊन कोणी गेलेले नाही, एवढेच.

कायदाही हेच सांगतो. २००२ च्या जैवविविधता कायद्याप्रमाणे प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावी लागते आणि गावकऱ्यांना विचारून लोक जैवविविधता नोंदवही तयार करावी लागते. तुमच्या गावची नोंदवही तुम्ही पाहिली आहे का? मी अजून पाहिलेली नाही. पुढच्या सुट्टीत ग्रामपंचायतीत जाऊन मागणार आहे.

म्हणून प्राध्यापकवर्गाला एक नम्र सूचना करते. यंदा आपल्या महाविद्यालयात भित्तिचित्र स्पर्धा झाली, तर तिला तीन साध्या अटी घालाव्यात. चित्रात आपल्या गावच्या शिवारात प्रत्यक्ष पाहिलेलेच असावे. प्रत्येकाखाली त्याचे गावातले नाव आणि ते सांगणाऱ्या माणसाचे नाव लिहावे. आणि निकालानंतर त्याची एक प्रत गावच्या ग्रामपंचायतीला नोंदवहीसाठी द्यावी. चित्रे कदाचित वेडीवाकडी येतील. येऊ द्यावीत.

माझा धाकटा भाऊ यंदा सहावीत आहे. परवा त्याने प्रकल्पासाठी तक्ता आणायला पैसे मागितले. मी पैसे दिले नाहीत. पेन्सिल दिली आणि आजीकडे पाठवले.