शिकागोत राहतो म्हणायचं आणि शिकागोलाच भ्यायचं?

आपल्या मंडळाच्या कोजागरीला मसाला दुधाचा पेला हातात घेऊन माझा भाचा उभा होता. पुण्याहून येऊन जेमतेम तीन आठवडे झालेले. "कुठे उतरलायस?" "हाइड पार्कला." एवढं म्हणायचा अवकाश, पुढची वीस मिनिटं त्याच्यावर उपदेशांची सरबत्ती झाली. संध्याकाळी सहानंतर बाहेर पडू नकोस. ट्रेनने फिरू नकोस. आणि प्रत्येकाच्या तोंडी एक वाक्य ठरलेलं: साउथ साइडला अजिबात जायचं नाही.

अहो, तो मुलगा साउथ साइडलाच राहतो! त्याची खोली, त्याची लॅब, त्याचं विद्यापीठ, सगळं तिथेच. त्याने जायचं कुठे?

गाडीत बसल्यावर माझी अकरा वर्षांची लेक म्हणाली, "आई, भारतात फोन केलास की तू सगळ्यांना सांगतेस, आम्ही शिकागोत असतो. मग शिकागोला तू घाबरतेस का?" आम्ही राहतो नेपरव्हिलला, शहरापासून तीसेक मैलांवर. मला उत्तर सुचलं नाही. हा लेख त्यातूनच आला आहे.

शिकागोत गुन्हे होत नाहीत, असं मी म्हणणार नाही. आज सत्तावीस लाख वस्ती असलेल्या या शहरात 1974 साली 970 खून झाले. 2021 साली आकडा पुन्हा आठशेच्या घरात गेला, 2024 साली सहाशेच्या खाली आला. सहाशे म्हणजेसुद्धा सहाशे घरं. पण हे खून शहरभर सारखे पसरलेले नसतात. शहराच्या सत्त्याहत्तर विभागांपैकी पश्चिमेच्या आणि दक्षिणेच्या मोजक्या विभागांत, तिथल्याही ठरावीक रस्त्यांवर, बहुतेकदा आपसातल्या वैरातून ते होतात. त्याची झळ सर्वांत जास्त तिथेच राहणाऱ्या आयांना लागते. बाहेरून आलेल्याचं जातं ते बहुधा फोन, बॅग, नाहीतर गाडीची काच.

आणि साउथ साइड म्हणजे नक्की काय? आपण पाहुण्यांना घेऊन चायनाटाउनला जेवायला जातो, ते साउथ साइडलाच. दर उन्हाळ्यात मुलांना पाणबुडी दाखवायला विज्ञान संग्रहालयात नेतो, तेही तिथेच. ती इमारत 1893 च्या जागतिक प्रदर्शनातली आहे. ओबामांचं घरही त्याच बाजूला. म्हणजे जागा आपल्याला चालतात. आपण 'साउथ साइड' म्हणतो, तेव्हा मनात काळ्या माणसांची वस्ती असते. हे लिहिताना मला अवघड जातंय, पण कोजागरीला 'काळे' हाच शब्द दबक्या आवाजात तीनदा तरी कानावर आला. 1930 च्या दशकात नकाशांवर लाल रंग फासून याच वस्त्यांना कर्जं नाकारली गेली, हे आपण मुलांना कधी सांगणार? तो स्वतंत्र लेखाचा विषय आहे.

माझी तक्रार मुख्यतः आपल्या सल्ल्यांबद्दल आहे. माझी आई दादरला राहायची. मुंबईत पाकीटमार आहेत, म्हणून तिने आम्हाला घरात कोंडलं नाही. लोकलमध्ये चढताना पर्स पुढे घ्यायची, साखळी पदराखाली पिनेने अडकवायची, रात्री उशीर झाला तर बायकांच्या ज्या डब्यात पोलीस असतो तो धरायचा, हे तिने शिकवलं. बाबांच्या पँटला आतून चोरकप्पा असायचा. स्वारगेटला एसटीची वाट पाहताना आजी दर पाच मिनिटांनी बोचकी मोजायची. या लोकांनी कुठल्याही शहराला वाईट म्हटलं नाही, त्यांनी फक्त शहरात वावरायचं कसं ते दाखवलं. आपण मात्र इथे येऊन वॉट्सअ‍ॅपवर आलेला मारामारीचा व्हिडिओ पुढे ढकलतो आणि काळजी घेतली असं समजतो. तो व्हिडिओ कुठल्या वर्षीचा, कुठल्या शहरातला, हेसुद्धा बघत नाही.

भाच्याला मी जे सांगितलं, ते इथे लिहिते. ट्रेनमध्ये दाराजवळच्या सीटवर बसून फोन बघू नकोस; दार बंद होता होता फोन हिसकावून पळतात. रात्री रिकाम्या डब्यात चढू नकोस, माणसं असलेल्या डब्यात बस. डब्यात कुणी विचित्र वागायला लागलं तर वाद न घालता पुढच्या स्टेशनला उतर आणि डबा बदल. रेड लाइनची ट्रेन रात्रभर धावते, पण धावते म्हणून रात्री दोनला तिने जायलाच हवं असं नाही. हाइड पार्कला यायला शहराच्या मध्यातल्या मिलेनियम स्टेशनवरून मेट्रा इलेक्ट्रिक ही लोकल आहे. कुणाच्या गाडीने आलास तर सीटवर काही ठेवू नकोस, रिकामी पिशवीसुद्धा नको. उबर आली की आधी नंबरप्लेट बघ, मग दार उघड. विद्यापीठाचे स्वतःचे पोलीस आहेत, रस्त्यांवर आणीबाणीच्या फोनचे खांब आहेत, रात्री त्यांच्या बस फिरतात. पहिल्याच आठवड्यात त्यांचे मार्ग बघून ठेव. आणि कुणी शस्त्र दाखवून काही मागितलं तर देऊन टाक. लॅपटॉप पुन्हा घेता येतो.

हे शेवटचं सांगताना माझा आवाज कापला. 2021 च्या नोव्हेंबरमध्ये हाइड पार्कमध्येच, भरदिवसा, नुकताच पदवीधर झालेला एक चिनी विद्यार्थी लुटारूच्या गोळीने गेला. तिकडे त्याच्याही घरी कुणीतरी फोनची वाट बघत असेल. म्हणून धोका नाही, असं मी कुणालाच सांगणार नाही. बंदुकांबद्दल बोलायला लागले तर हा अंक पुरणार नाही. पण 'जाऊ नकोस' एवढंच सांगितलं, तर जाणं भाग असलेल्या मुलाच्या हाती आपण काय दिलं?

आई-वडील भारतातून सहा महिन्यांसाठी येतात आणि त्यांनाही आपण याच भीतीपायी बेसमेंटमध्ये टीव्हीसमोर बसवतो. माझ्या सासऱ्यांनी दोन वेळच्या मुक्कामात शहर पाहिलं ते मोटारीच्या काचेतून. गेल्या वर्षी ते गेले. मंडळाची विज्ञान संग्रहालयाची सहलसुद्धा यंदा 'पालक नको म्हणतात' म्हणून रद्द झाली.

कोजागरीला ज्यांनी भाच्याला सल्ले दिले, त्यांनीच त्याला गादी दिली, कुकर दिला, विमानतळावरून आणलं, हे मी विसरलेले नाही. माझा सूर चढला असेल तर माफ करा. बावीस वर्षांपूर्वी मी आले, तेव्हा मलाही याच मंडळींनी सांभाळलं, आणि पहिली काही वर्षं मीसुद्धा नव्या मुलांना हेच सांगत होते. तेव्हा मी डेव्हन रस्त्यावरच्या देशी दुकानांत इडलीचं पीठ आणायला जायचे, तेवढंच माझं शिकागो.

परवा शनिवारी लेक आणि मी नेपरव्हिलहून सकाळची मेट्रा धरून युनियन स्टेशनला उतरलो. तिथून चालत मिलेनियम स्टेशन, मग पुढची गाडी. लेकीने बॅकपॅक पोटाशी घेतली होती आणि मला न सांगता फोन खिशात ठेवला होता. भाचा सत्तावन्नाव्या रस्त्याच्या स्टेशनवर उभा होता. त्याने तिला आधी आणीबाणीच्या फोनचा खांब दाखवला आणि मग कॉफीचं दुकान.