विश्लेषण : धावणारा तोच, तरी यार्ड कमी का? अमेरिकन फुटबॉलमधल्या 'त्या पाच जणां'चे गणित

सॅक्वॉन बार्कली २०२३ च्या हंगामात न्यू यॉर्क जायंट्सकडून २४७ वेळा चेंडू घेऊन धावला. यार्ड मिळाले ९६२, म्हणजे दर प्रयत्नामागे सरासरी ३.९. पुढच्या वर्षी तो फिलाडेल्फिया ईगल्समध्ये गेला आणि ३४५ प्रयत्नांत त्याने २००५ यार्डांची मजल मारली. सरासरी झाली ५.८. एका हंगामात दोन हजार यार्ड ओलांडणारा तो एनएफएलच्या इतिहासातला केवळ नववा खेळाडू. त्याच हंगामात ईगल्सने सुपर बोलही जिंकला.

मग वयाच्या २७ व्या वर्षी बार्कली अचानक धावायला शिकला का? अर्थातच नाही. बदलली ती त्याच्या पुढची भिंत. तिलाच अमेरिकन फुटबॉलमध्ये 'ऑफेन्सिव्ह लाइन' म्हणतात. ही भिंत कच्ची असली, की कितीही चपळ धावपटू आणला तरी संघाचा धावता खेळ कोसळतो. आणि दोष मात्र बहुतेक वेळा धावणाऱ्याच्या माथी मारला जातो.

ऑफेन्सिव्ह लाइन म्हणजे काय?

या खेळात दोन्ही बाजूंनी ११-११ खेळाडू असतात. आक्रमण करणाऱ्या संघाला चार प्रयत्नांत १० यार्ड, म्हणजे साधारण नऊ मीटर पुढे सरकायचे असते. जमले तर पुन्हा चार प्रयत्न मिळतात. चेंडू फेकून पुढे जाता येते किंवा रनिंग बॅकच्या हाती देऊन धावता येते.

या ११ जणांपैकी पाच जण अगदी पुढे, एका रांगेत असतात. मधला सेंटर, त्याच्या दोन्ही बाजूंना गार्ड आणि टोकांना टॅकल. एरवी त्यांना पुढे फेकलेला चेंडू झेलण्याचीही मुभा नसते. त्यांचे काम एकच : समोरच्याला अडवणे, ढकलणे आणि वाट मोकळी करणे. दहीहंडीत हंडी फोडणाऱ्याचा फोटो छापून येतो, खालच्या थरातल्यांचा येत नाही. तसेच हे पाच जण.

लॉस एंजेलिसच्या २०२८ ऑलिम्पिकमध्ये या खेळाचा 'फ्लॅग फुटबॉल' हा प्रकार असणार आहे. त्यात प्रत्येकी पाच खेळाडू असतात आणि अंगाला भिडून अडवणे नसते. त्यामुळे मूळ खेळातली ही धक्काबुक्कीची लढाई तिथे दिसणार नाही.

लाइन कमकुवत असली की नेमके काय बिघडते?

पहिला फटका जागेचा. दोन खेळाडूंमधल्या फटीतून धावायचे, असे आधीच ठरलेले असते. गार्डला त्याच्यासमोरच्या आडदांड खेळाडूने दोन पावले मागे रेटले, तर ती फट तिथेच बुजते. रनिंग बॅकला चेंडू हातात पडताच दिशा बदलावी लागते. वेग मिळण्याआधीच तो थांबतो आणि तेवढ्यात मागून दुसरा येऊन त्याला पाडतो.

दुसरा फटका लगेच दिसत नाही. अनेक डावपेचांत दोन लाइनमन मिळून समोरच्या एकाला रेटतात आणि मग त्यांच्यातला एक जण त्याला सोडून मागे उभ्या असलेल्या लाइनबॅकरला गाठतो. पहिला खेळाडूच दोघांना आवरत नसेल, तर लाइनबॅकर मोकळा राहतो. समोरून धावत येऊन तो रनिंग बॅकला एक-दोन यार्डांतच आडवा करतो. टीव्हीवर आपल्याला 'बार्कलीला रोखले' एवढेच दिसते. चूक खरे तर दोन सेकंद आधी, दुसऱ्याच माणसाकडून झालेली असते.

तिसरा फटका पुढच्या प्रयत्नांना बसतो. पहिल्या प्रयत्नात एकच यार्ड मिळाला तर उरतात नऊ. आता चेंडू फेकला जाणार हे समोरच्या संघाला कळते. त्यांचे धिप्पाड खेळाडू थेट क्वार्टरबॅकवर चालून येतात आणि त्यांना थोपवण्याचे काम पुन्हा त्याच कमकुवत लाइनवर येऊन पडते. २०२३ मध्ये जायंट्सचे क्वार्टरबॅक चेंडू हातात असतानाच ८५ वेळा पाडले गेले. एका हंगामातला एनएफएलच्या इतिहासातला हा दुसऱ्या क्रमांकाचा आकडा आहे.

इथे सरासरीही फसवते. ३.९ ला तीनाने गुणले तर ११.७ यार्ड होतात. म्हणजे तीन प्रयत्नांत दहा यार्डांचे काम झाले, असे वाटते. पण लाइन कच्ची असताना ही सरासरी एक, शून्य, दोन, उणे एक आणि मग कधीतरी एकदम सतरा अशी बनते. तो सतरा यार्डांचा पल्ला येईपर्यंत चेंडू दुसऱ्या संघाकडे गेलेला असतो.

चार जण चांगले असले तर भागत नाही का?

नाही, आणि इथे इंजिनीअरिंगमधले एक साधे गणित कामी येते. एकामागोमाग जोडलेल्या यंत्रणेत एक भाग निकामी झाला की सगळीच बंद पडते. समजा, पाचही लाइनमन १०० पैकी ९० वेळा आपले काम चोख करतात. मग पाचही जणांचे काम एकाच वेळी चोख होण्याची शक्यता किती? ०.९ ला पाच वेळा गुणा : जवळपास ५९ टक्के. आता पाचातल्या एकाचे प्रमाण ९० वरून ६० वर आणा. एकत्रित आकडा ३९ टक्क्यांवर घसरतो.

प्रत्यक्ष खेळ इतका सरळ नसतो. एखादी चूक रनिंग बॅक पचवतो आणि प्रत्येक डावात पाचही जणांचे महत्त्व सारखे नसते. पण यातून एक गोष्ट कळते. लाइनची ताकद तिच्यातल्या सर्वोत्तम खेळाडूवर ठरत नाही, ती सर्वांत दुबळ्या कडीवर ठरते. म्हणूनच एक टॅकल जखमी होऊन बाहेर बसला की सगळा धावता खेळ डळमळतो. त्याच्या जागी येणारा कमी पडतो आणि त्याला मदत करायला शेजारचा गार्ड अडकून पडतो.

हे फक्त बार्कलीच्या बाबतीत घडले का?

त्याच्या आधीचे ठळक उदाहरण डीमार्को मरेचे. २०१४ मध्ये डॅलस काउबॉइजकडून त्याने ३९२ प्रयत्नांत १८४५ यार्ड काढले, लीगमध्ये सर्वाधिक. त्याच्यापुढे टायरन स्मिथ, ट्रॅव्हिस फ्रेडरिक आणि झॅक मार्टिन होते. डॅलसने या तिघांनाही ड्राफ्टच्या पहिल्या फेरीत निवडले होते. पुढच्या वर्षी मोठा करार करून मरे ईगल्समध्ये गेला. त्याच उन्हाळ्यापर्यंत ईगल्सने इव्हान मॅथिस आणि टॉड हेरेमन्स या आपल्या दोन्ही अनुभवी गार्डना सोडून दिले होते. मरेच्या खात्यात जमा झाले ७०२ यार्ड, सरासरी ३.६. प्रशिक्षक चिप केली यांची पद्धतही त्याला मानवली नाही, हे खरे. पण पुढे २०१६ मध्ये टेनेसी टायटन्सच्या सुधारलेल्या लाइनमागे त्याच मरेने १२८७ यार्ड काढले.

याहून बोलका पुरावा डॅलसमध्येच मिळाला. मरेच्या जागी डॅरेन मॅकफॅडन आला. आधीच्या तीन हंगामांत ओकलंड रेडर्सकडून त्याची सरासरी ३.३, ३.३ आणि ३.४ होती. त्याची कारकीर्द संपत आली असाच सूर होता. डॅलसच्या लाइनमागे त्याने २०१५ मध्ये १०८९ यार्ड काढले, तेही ४.६ च्या सरासरीने.

जायंट्सचे चुकले कुठे?

२०१८ च्या ड्राफ्टमध्ये जायंट्सने दुसऱ्याच क्रमांकावर बार्कलीला घेतले. चार जागा खाली, सहाव्या क्रमांकावर इंडियानापोलिस कोल्ट्सने क्वेंटन नेल्सन हा गार्ड निवडला. बार्कलीने पहिल्याच वर्षी १३०७ यार्ड काढून सर्वोत्तम नवोदित आक्रमक खेळाडूचा पुरस्कार पटकावला, तेव्हा निवड अचूक वाटली. पण नेल्सनच्या लाइनमागे २०२१ मध्ये जोनाथन टेलरने १८११ यार्डांसह लीगमध्ये पहिला क्रमांक मिळवला. त्याच हंगामात बार्कलीची सरासरी होती ३.७.

जायंट्सने लाइनवर पैसाच ओतला नाही, असेही नाही. २०१८ मध्ये नेट सोल्डर या टॅकलला चार वर्षांसाठी ६ कोटी २० लाख डॉलरचा करार दिला. २०२० मध्ये चौथ्या क्रमांकावर अँड्र्यू थॉमसला आणि २०२२ मध्ये सातव्या क्रमांकावर इव्हान नीलला निवडले. थॉमस उत्तम निघाला, पण २०२३ च्या पहिल्याच सामन्यात जखमी झाला. नीलचा जम बसला नाही. बार्कलीच्या सहा वर्षांत तीन मुख्य प्रशिक्षक झाले आणि प्रत्येकाबरोबर शिकवण्याची पद्धत बदलली.

आता फिलाडेल्फियाकडे पाहा. लाइनचे प्रशिक्षक जेफ स्टाउटलँड २०१३ मध्ये तिथे आले. नंतर मुख्य प्रशिक्षक दोनदा बदलले, स्टाउटलँड तिथेच राहिले. जॉर्डन मायलाटा हा ऑस्ट्रेलियातला रग्बी लीग खेळाडू. अमेरिकन फुटबॉलचा एकही सामना खेळलेला नसताना ईगल्सने त्याला २०१८ च्या ड्राफ्टमध्ये २३३ व्या क्रमांकावर घेतले आणि डावा टॅकल म्हणून घडवले. २०२४ मध्ये जेसन केल्सी निवृत्त झाल्यावर कॅम जर्गेन्सला गार्डवरून सेंटरला आणले. टॅकल म्हणून नाव बुडालेल्या मेकाय बेक्टनला गार्ड केले. पाचपैकी दोन जागी माणसे बदलली, तरी भिंत उभी राहिली. कारण शिकवणारा आणि शिकवण्याची भाषा तीच होती.

पैशांचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. मार्च २०२४ मध्ये ईगल्सने बार्कलीशी तीन वर्षांसाठी ३ कोटी ७७ लाख ५० हजार डॉलरचा करार केला. म्हणजे वर्षाला सुमारे सव्वा कोटी. त्याच महिन्यात लँडन डिकरसन या गार्डला चार वर्षांसाठी ८ कोटी ४० लाख डॉलर दिले. वर्षाला २ कोटी १० लाख. मथळे बार्कलीचे झाले, पण संघाने जास्त मोल कशाला दिले ते या आकड्यांत दिसते.

मग रनिंग बॅकचे कौतुक नकोच का?

असे म्हणणे अन्यायाचे होईल. जॅक्सनव्हिल जॅग्वार्सविरुद्ध पाठमोरी उडी मारून प्रतिस्पर्ध्यावरून पलीकडे गेलेला बार्कली कोणत्याही लाइनने घडवलेला नव्हता. चार यार्डांचे साठ यार्ड करणे हे त्याचेच कसब. शिवाय ईगल्सचा क्वार्टरबॅक जेलन हर्ट्स स्वतः धावू शकतो, त्यामुळे समोरच्या एका खेळाडूला त्याच्यावर नजर ठेवून थांबावे लागते. समोरच्या संघाने ठरवले तर चांगल्या लाइनलाही रोखता येते. सुपर बोलमध्ये कॅन्सस सिटी चीफ्सने बार्कलीला २५ प्रयत्नांत ५७ यार्डांवर जखडले. पण त्यासाठी सगळा जोर तिथे लावावा लागला आणि ईगल्सने सामना ४०-२२ असा जिंकला.

मात्र पुढच्याच वर्षाने भिंतीचे महत्त्व पुन्हा दाखवून दिले. २०२५ मध्ये बेक्टन दुसऱ्या संघात गेला. जर्गेन्स पाठीच्या आणि डिकरसन गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मैदानात उतरले. उजवा टॅकल लेन जॉन्सन पायाच्या दुखापतीमुळे नोव्हेंबरपासून उरलेल्या हंगामाला मुकला. संघ तोच, धावणाराही तोच. पण बार्कलीचे यार्ड ११०० च्या थोडे वर जाऊन थांबले आणि सरासरी चारच्या आसपास आली.

हे समजून घेणे का गरजेचे?

कारण यात माणसाच्या कारकिर्दीची वर्षे खर्ची पडतात. रनिंग बॅकचे उमेदीचे दिवस फार थोडे असतात. तिशी आली की संघ हात आखडता घेतात. कच्च्या लाइनमागे तो जास्त मार खातो, कमी यार्ड काढतो आणि मग तेच कमी यार्ड पुढच्या करारात त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून मांडले जातात. जायंट्सने बार्कलीच्या अपेक्षेइतका करार देऊ केला नाही. तो फिलाडेल्फियाला गेला तर आपल्याला झोप लागणे कठीण होईल, असे संघाचे एक मालक जॉन मारा कॅमेऱ्यासमोर बोलून गेले. आणि तो तिथेच गेला.

न्यू जर्सीत राहणाऱ्या मराठी कुटुंबांसाठी हा विषय दूरचा नाही. जायंट्सचे मैदान त्यांच्याच राज्यात आहे आणि नदीपलीकडे फिलाडेल्फिया. भारतात मोबाइलवर ठळक क्षण पाहणाऱ्यांना मात्र हे पाच जण दिसतच नाहीत, कारण क्लिप सुरू होते तीच रनिंग बॅकच्या धावेपासून. पुढच्या वेळी चेंडूवरची नजर दोन सेकंद हटवून पुढच्या रांगेकडे पाहा. पाच जण पुढे सरकले की मागे रेटले गेले, एवढे पाहिले तरी पुरे. धाव यशस्वी होणार की नाही, हे धावणाऱ्याने पहिले पाऊल टाकण्याआधीच बरेचसे कळेल.

संघांसाठीही धडा सरळ आहे. आधी भिंत बांधा, ती बांधणारा शिक्षक टिकवा आणि मग धावणाऱ्यावर पैसे लावा. उलट क्रमाने गेलात, तर एका चांगल्या खेळाडूची सहा वर्षे जातात आणि त्याचे दोन हजार यार्ड शेजारच्या संघाच्या नावावर लागतात.