विळे आमचे, पाटीवर नाव तुमचं

डिसेंबर 2023 मध्ये एक कलाकार आमच्या मळ्यात पंधरा दिवस राहून गेला. एका संस्थेने पाठवला होता, शेतावरच्या रेसिडेन्सीसाठी. मी बागलाणात, सटाण्याजवळ कांदा आणि डाळिंब करतो. खळ्यावरची खोली झाडून दिली, दोन्ही वेळची भाकरी घरातून गेली. जाताना त्याने कांदा काटणाऱ्या पाच बायांचे जुने विळे मागून नेले. मुठीला चिंधी गुंडाळलेली, पातं घासून घासून निम्मं झालेलं, कांद्याच्या चिकाने काळं पडलेलं. पुढे ते मुंबईच्या एका दालनात पांढऱ्या भिंतीवर टांगले गेले. खाली त्याचं नाव आणि एक ओळ : 'बागलाणच्या शेतकऱ्यांच्या सहयोगाने'. पाचांपैकी एकीचंही नाव नाही. नवे विळे बायांनी स्वतःच्या मजुरीतून घेतले.

हा सहयोग नाही. ही उचलेगिरी आहे.

तो इथे असतानाच, 8 डिसेंबरला, केंद्राने कांद्याची निर्यात बंद केली. लाल कांदा ऐन बाजारात होता. जिल्ह्यात लिलाव बंद पडले, लोक महामार्गावर उतरले. माझी भरलेली ट्रॉली खळ्यात उभी, आणि हा वहीत कांद्याच्या सालीच्या छटा रंगवत बसलेला. भाव किती पडला, हे त्याने एकदाही विचारलं नाही. लिलाव सुरू झाल्यावर हाती आलेली हिशोबपट्टी मी त्याच्यापुढे धरली, तर म्हणाला, "माझं काम मातीशी आहे, राजकारणाशी नाही." बागलाणात मातीत हात घातला की दिल्लीचा निर्णय हाताला लागतो. ऑगस्टमध्ये 40 टक्के निर्यातशुल्क, डिसेंबरात बंदी, आणि 4 मे 2024 ला ती उठली तेव्हाही शुल्क डोक्यावरच. ज्याला पट्टी वाचायची नाही, त्याने शेतकऱ्याचं नाव आपल्या कामाला लावू नये.

कलाकार शेतात नकोत, असं मी म्हणत नाही. 2003 मध्ये जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फला रिचर्ड लाँग आणि डहाणूजवळच्या गंजाडचे जिव्या सोमा मशे यांचं प्रदर्शन झालं. एक जगभर पायी हिंडून काम करणारा इंग्रज, एक भाताच्या खाचरातला वारली. पण दोघांची नावं बरोबरीने, एका ओळीत. तेव्हाच्या छिंदवाडा जिल्ह्यातल्या पारडसिंग्यात शिल्पकार श्वेता भट्टड आणि सोबतच्यांनी ग्राम आर्ट प्रोजेक्ट उभा केला. तिथे देशी कापूस पिकतो, गावातल्या बाया सूत काढतात, बी घातलेल्या राख्या बनवतात आणि त्या कामाचे पैसे घेतात. ते लोक पंधरा दिवसांसाठी आले नव्हते, गावात राहिले. पारडसिंग्याला जमतं ते इतरांना का जमू नये? जमतं. फक्त त्यासाठी पीक बुडालं तर आपलंही काहीतरी बुडावं लागतं, आणि ते कुणाला नको असतं.

कलाकाराला मानधन, प्रवासखर्च, सामानाचे पैसे. ज्याच्या शेतात तो राहतो त्याला आभाराचं पत्र. शेतकऱ्याचा दिवस फुकट कसा? काम थांबवून मी त्याला बहार धरणं समजावलं, डाळिंबाला पाण्याचा ताण कसा देतात ते सांगितलं, तेल्या रोगाचे डाग झाडापाशी नेऊन दाखवले. मजुरी लावायची तर त्याचीही लागते.

परवा त्याच संस्थेचा फोन आला. या वर्षी जानेवारीत माणूस पाठवायचाय, तेव्हा सगळं हिरवं असतं म्हणाले. मी सांगितलं, दिवाळीत कांद्याचं उळे टाकायला पाठवा आणि भाद्रपदात साठवणीची चाळ उघडेपर्यंत ठेवा. वरचा थर चांगला दिसतो, हात खाली घातला की बोटं सडक्या कांद्यात रुततात, आणि तो वास तीन वेळा अंघोळ केली तरी जात नाही. बाया दिवसभर त्यात बसून निवड करतात. त्याने त्यांच्या शेजारी बसावं, त्यांच्याएवढीच मजुरी घ्यावी आणि जे काय करायचं ते नंतर करावं. पाटीवर पाचही नावं हवीत. काम विकलं तर वाटा हवा.

आणि विळे परत हवेत. त्यातला एक एकीच्या सासूचा होता. ती अजून विचारते.