पडदा दूर झाल्यावर

पुतळा उभारावयाचा म्हटलें कीं आमच्या शहरांतील पुढारी मंडळींच्या डोळ्यांपुढें प्रथम उभा राहतो तो पुतळा नव्हे, तर पुतळ्यावरील पडदा. तो कोणाच्या हस्तें दूर व्हावयाचा, मांडव केवढा घालावयाचा, शिलालेखावर कोणाचें नांव वर आणि कोणाचें खालीं, यांवर चार चार बैठका झडतात. पडदा दूर होतो, हार पडतात, छायाचित्रें निघतात. पुढें त्या पुतळ्याच्या वांट्यास येतात ते कावळे आणि धूळ. रंगविलेल्या भिंतींची गत याहून निराळी नाहीं. दोन पावसाळ्यांत रंगाचे पोपडे सुटतात आणि त्यांवर जाहिराती चिकटतात. ही वस्तु आतां कोणाची, असें पालिकेंत विचारावयास जावें, तर बागखातें रस्तेखात्याकडे बोट दाखवितें आणि रस्तेखातें वॉर्डाच्या कचेरीकडे.

आमचें म्हणणें असें कीं, ज्या शहरास चव्हाट्यावर कला मांडण्याची हौस आहे, त्यानें त्या कामासाठीं एक जबाबदार माणूस नेमावा, आणि त्याचें निम्में काम पडदा दूर झाल्यावरच सुरू होतें हें त्यास पहिल्या दिवशींच सांगावें.

यावर सुशिक्षितांचा ठरीव आक्षेप असा कीं, एकाच्या हातीं अशी सत्ता दिली तर तो कलेचा हुकूमशहा बनेल. त्यापेक्षां तज्ज्ञांची समिति बरी. बरी खरी, पण समिति निकाल देते आणि घरीं जाते. न्यूयॉर्क शहरांत १९८१ सालीं संघसरकारच्या कचेऱ्यांपुढील चौकांत रिचर्ड सेरा या शिल्पकाराची १२० फूट लांब आणि १२ फूट उंच अशी गंजत्या पोलादाची वक्र भिंत उभी राहिली. निवड तज्ज्ञांच्या मंडळानेंच केली होती. ज्या कारकुनांस रोज त्या भिंतीला वळसा घालून कामावर जावयाचें होतें, त्यांचें मत मात्र कोणी विचारलें नव्हतें. तक्रारी वाढल्या. १९८५ सालीं जाहीर सुनावणी झाली. तींत १२२ जण भिंत राहावी असें म्हणाले आणि ५८ जण जावी असें म्हणाले. तरीहि निकाल भिंतीविरुद्ध गेला, आणि कोर्टकचेऱ्या संपल्यावर १५ मार्च १९८९ च्या रात्रीं तिचे तुकडे करून ती वखारींत नेऊन टाकण्यांत आली. ही कृति याच जागेसाठीं घडविली आहे, ती हलविणें म्हणजे तिचा नाश करणें, असें सेरा म्हणत होते. त्यांचें दुःख खरें होतें आणि कारकुनांचा जाचहि खरा होता. भिंत उभी राहण्यापूर्वीं त्या दोघांमध्यें जाऊन बसणारा कोणी नव्हता, इतकेंच.

असा बसणारा माणूस असला म्हणजे काय होतें, हें त्याच देशांतील फिलाडेल्फिया शहरांत पाहावें. बांधकामाच्या खर्चांतील एक टक्का कलेकडे वळविण्याची प्रथा त्या शहरानें १९५९ सालींच पाडली होती. म्हणजे पैसा होता. परंतु १९८४ सालीं महापौर विल्सन गूड यांनीं भिंतींवर नांवें खरडणाऱ्या पोरांच्या बंदोबस्तासाठीं एक खातें काढलें, आणि त्यांत जेन गोल्डन नांवाच्या चित्रकार बाईंस नेमलें. बाईंनीं बंदोबस्त केला तो असा कीं, त्याच पोरांच्या हातीं कुंचले दिले! तेथील घरें एकमेकांस टेकून बांधलेलीं असतात. शेजारचें घर पाडलें कीं उरलेल्या घराची भली थोरली कोरी भिंत उघडी पडते. तिच्यावर काय काढावयाचें यासाठीं गल्लींतील माणसांच्या बैठका होतात, कच्चीं चित्रें दाखविलीं जातात, भांडणें होतात. मग पातळ कापडाच्या तुकड्यांवर शाळकरी मुलें, शेजारीपाजारी, तुरुंगांतील कैदीसुद्धां रंग भरतात, आणि ते तुकडे भिंतीवर डकविले जातात. अशीं हजारों चित्रें झालीं. त्यांतील कित्येक फार गोड, फार उपदेशपर आहेत असें टीकाकार म्हणतात. छायाचित्रांवरून आम्हांसहि तसेंच वाटतें. पण कीथ हेरिंग यांनीं १९८७ सालीं मुलांकरवीं रंगवून घेतलेली एक भिंत २०१३ सालीं पुन्हां नीट करण्यांत आली, ही गोष्ट आम्ही नव्या शंभर चित्रांहून मोलाची मानतों. पूर्वीं पोलीसप्रमुख असलेले महापौर फ्रँक रिझो यांचें १९९५ सालचें भिंतीचित्र कृष्णवर्णी नागरिकांच्या मनांत सलत होतें. त्याची डागडुजी यापुढें आपण करणार नाहीं असें त्या संस्थेनें २०२० सालीं जाहीर केलें, आणि जूनमध्यें तें रंगाखालीं गेलें. नाहीं म्हणणें हेंहि त्या पदाचें काम आहे. तें २५ वर्षें उशिरां झालें, हा दोष आम्ही झाकीत नाहीं.

आमच्या लोकांस कलेची पर्वा नाहीं, असें कोणी म्हणेल तर त्यानें मुंबईच्या काळ्या घोड्याकडे पाहावें. सातव्या एडवर्डचा, तो युवराज असतांनाचा, हा अश्वारूढ पुतळा १८७९ सालचा. १९६५ सालीं तो हलविला आणि राणीच्या बागेंत गेला. लोकांनीं युवराजास निरोप दिला. घोड्यास दिला नाहीं. ५२ वर्षें घोड्यावांचून तो भाग काळा घोडाच राहिला, आणि २०१७ सालीं तेथें स्वाराविना नवा घोडा उभा राहिला. लोकांनीं जें तोंडीं जपलें, तें जपण्यास कचेरींत मात्र कोणी नसतें.

आणि मालवणची गोष्ट तर ताजी आहे. तें काम शहराचें नव्हतें, नौदलाचें होतें. परंतु रोग तोच. राजकोट किल्ल्यावरील छत्रपतींच्या ३५ फुटी पुतळ्याचें अनावरण ४ डिसेंबर २०२३ रोजीं झालें. २६ ऑगस्ट २०२४ रोजीं तो कोसळला. नटबोल्ट गंजल्याचें पत्र बांधकामखात्यानें कांहीं दिवस अगोदर नौदलाच्या अधिकाऱ्यांस लिहिलें होतें. दोष कोणाचा हें न्यायासन पाहील. आम्हांस खटकतें तें इतकेंच कीं, खाऱ्या वाऱ्यांत उभ्या केलेल्या पुतळ्याचे सांधे एका खात्यानें पाहावयाचे आणि दुसऱ्यास पत्रानें कळवावयाचे, अशी ही व्यवस्था होती.

म्हणून पालिकांपुढें आमची मागणी लहानशीच आहे. नव्या कामास मंजुरी देतांना खर्चाचा दहावा हिस्सा देखभालीसाठीं निराळा काढून ठेवावा. ज्या गल्लींत काम व्हावयाचें, तेथील रहिवाशांची बैठक झाल्यावांचून मंजुरी देऊं नये. आणि शिलालेखावर उद्घाटकाच्या नांवाखालीं, तें काम सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचें नांव व कचेरीचा पत्ता कोरावा. समारंभाच्या पत्रिकेंत त्याचें नांव गळलें तरी आमची हरकत नाहीं.